"गोळ्या खाऊन काय करू, काम तर गेलंच"

कंत्राटी कामगार समुपदेशनाला आले की एक प्रश्न हमखास येतो. "कामामुळे आजारी पडलो. बोललो तर आहे ते कामही जाईल, आणि सरकारी कचेरीत कोणी ऐकून घेत नाही. मग डोकं शांत ठेवायचं कसं?" उत्तरादाखल सुनंदाताईंबद्दल सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई शिवडीच्या. एका खासगी रुग्णालयात हाउसकीपिंगला, वॉर्डातल्या सगळ्यांच्या 'मावशी'. नोकरी मात्र रुग्णालयाची नाही, एजन्सीची. दर अकरा महिन्यांनी कागदावर काम संपायचं आणि नव्याने भरती व्हायची. छातीच्या वॉर्डात सिस्टरांना एन-95 मास्क, मावशींना साधा, तोही मागितला तर. खोकला लांबला, थुंकी तपासली, टीबी निघाला. सुपरवायझर म्हणाला, "बरी झालीस की ये." पुढच्या महिन्यात तिच्या जागी दुसरी बाई होती.

त्यांना माझ्याकडे पाठवलं टीबी केंद्रातल्या कार्यकर्तीने, कारण ताईंनी गोळ्या सोडल्या होत्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, गोळ्या खाऊन काय करू? काम तर गेलंच." घरी मुलीवर हात उगारायला लागल्या होत्या. रात्री झोप नाही. कामगार कचेरीत गेल्या तर साहेब मिटिंगला, पुन्हा गेल्या तर 'एजन्सीचं पत्र आणा'. जिने काढून टाकलं ती एजन्सी पत्र देईल कशाला?

अशा वेळी 'राग सोडून द्या' असं मी म्हणत नाही. हा राग आजार नाही, तो खरा आहे. पण तो निघत होता मुलीवर आणि स्वतःच्या फुप्फुसावर, हे मात्र मी स्पष्ट बोलले. गोळ्या मध्येच सोडल्या तर टीबी औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. मग सहा महिन्यांचा साधा उपचार लांबतो, जड होतो. "ताई, गोळी एजन्सीसाठी नाही, तुमच्या हक्काच्या भांडणासाठी खा," असं म्हटल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या. बराच वेळ.

मग कागद काढले. पगारातून 'ईएसआय' म्हणून, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, पैसे कापले जात होते, हे बँकेच्या पासबुकावरून आणि जुन्या पगार पावत्यांवरून दिसत होतं. कार्ड कधी हातात आलंच नव्हतं. कामगाराचा वाटा पगाराच्या 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के. ठेकेदाराने भरणा केला नाही तर तो मुख्य मालकाने करायचा असतो, इथे रुग्णालयाने. हे ताईंना ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. टीबीसारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी असेल तर 80 टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत वाढू शकतं. अकरा महिन्यांच्या खेळाचा फटका बसतो तो इथे. आणखी एक. रुग्णालयातल्या कामातून जडलेला संसर्गजन्य आजार हा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. सिद्ध करणं कठीण असतं, तरी दावा करता येतो.

"कामगारांच्या हॉस्पिटलात माझा भरोसा नाही," असं ताई म्हणाल्या. 17 डिसेंबर 2018 ला अंधेरीच्या मरोळमधल्या ईएसआयच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं गेली, ते त्या विसरल्या नव्हत्या. मी त्यांची समजूत घातली नाही. कामगाराच्याच वर्गणीवर चालणाऱ्या रुग्णालयात कामगाराचा जीव जातो, तिथे भरोसा ठेवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू? पण हक्क भरोशावर टिकत नाही, अर्जावर टिकतो, एवढं मात्र म्हणाले.

त्यांनी वहीत तारखा लिहायला घेतल्या. कोणता वॉर्ड, कोणता मास्क, सुपरवायझर काय बोलला, कोणासमोर बोलला. मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून ती लिहायची. मायलेकींमधला ताण सैल पडला तो त्या वहीमुळे, माझ्या सल्ल्यांमुळे फारसा नाही. अर्ज एकटीने न देता त्याच एजन्सीच्या आणखी काही बायकांनी मिळून युनियनमार्फत दिला. नोकरी जाण्याची भीती घालवायला मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

उपचार पूर्ण झाले. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे 1,000 रुपये उशिरा का होईना, खात्यात आले. ईएसआयची थकबाकी एजन्सीला भरावी लागली. कामावरून काढल्याचं प्रकरण मात्र अजून तारखांवर आहे. ताई दुसरीकडे काम करतात, तारखेच्या दिवशी खाडा मांडून जातात आणि परतताना कधी माझ्याकडे डोकावतात. राग गेलेला नाही. पण त्या दिवसानंतर गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत, मुलीवर पुन्हा हात उगारला नाही, झोप लागते.

तुमची अवस्था अशीच असेल तर समुपदेशकाकडे येताना औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर पासबुक, ओळखपत्र, हजेरीचा फोटो, सुपरवायझरचे मेसेज, जे असेल ते घेऊन या. आणि त्याच ठेक्यावरचं जमलं तर आणखी एक माणूस सोबत आणा.