स्प्लॅश पॅडला निघालात? आधी पाण्याची चौकशी करा
(वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं)

मेअखेरीस मेमोरियल डे आला की अमेरिकेतली बहुतेक सार्वजनिक स्प्लॅश पॅड सुरू होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुमारास बंद होतात. या तीन महिन्यांत माझ्याकडे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. भारतातून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आजी-आजोबांचीही पत्रं बरीच आहेत. त्यांच्यासाठी सांगते: जमिनीतून आणि खांबांवरून पाण्याचे फवारे उडतात आणि पाणी खाली न साचता जाळीतून निघून जातं, अशी मुलांची खेळायची जागा म्हणजे स्प्लॅश पॅड. पोहायचं नसतं, म्हणून तिथे जीवरक्षक सहसा नसतो. लक्ष आपणच ठेवायचं.

प्रश्न: आम्ही नुकतेच न्यू जर्सीत राहायला आलो. मोफत स्प्लॅश पॅड शोधायला गेलं की इंटरनेटवर ‘टॉप २५’च्या याद्या मिळतात. त्यातल्या दोन ठिकाणी गेलो. एक बंद होतं, दुसऱ्या ठिकाणी गावाबाहेरचे म्हणून आत सोडलं नाही. शोधायचं कसं? (एक आई, एडिसन)

उत्तर: त्या याद्या विसरा. त्यातल्या बऱ्याचशा जाहिरातींसाठी बनवलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं कोणी तपासत नाही. आपल्या गावाच्या, मग काउंटीच्या पार्क्स अँड रिक्रिएशन विभागाच्या पानावर बघा आणि निघण्याआधी फोन करा. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरात ३११ला (महापालिकेच्या चौकशी क्रमांकाला) फोन केला तरी चालतो. उपनगरांतल्या अनेक सोयी त्या गावच्या रहिवाशांपुरत्या असतात, बॅज किंवा ओळखपत्र लागतं. मोठ्या शहरांच्या बागांमधल्या सहसा सगळ्यांना खुल्या असतात.

फोनवर चार गोष्टी विचारा. आज सुरू आहे का? बाहेरच्यांना प्रवेश आहे का? जवळ स्वच्छतागृह आहे का? आणि पाणी नळाचं एकदाच वापरून सोडून देता, की तेच गाळून पुन्हा फिरवता? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही. तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. का, ते खाली येईल.

प्रश्न: पोहण्याचा पोशाखच लागतो का? सुती कपडे चालतील?

उत्तर: बहुतेक ठिकाणी चालतात. फक्त ओढणी, लांब नाड्या आणि गुळगुळीत तळाच्या चपला नकोत.

प्रश्न: आम्ही शिकागोला फिरायला जाणार आहोत. तिथल्या कारंज्यांमध्ये मुलांना भिजू दिलं तर चालेल का?

उत्तर: कोणत्या कारंज्यात, त्यावर आहे. मिलेनियम पार्कमधलं क्राउन फाउंटन (२००४) मुलांनी भिजावं म्हणूनच बांधलं आहे. पन्नास फुटी दोन मनोऱ्यांवर शिकागोकरांचे चेहरे दिसतात आणि त्यांच्या तोंडातून पाण्याची धार येते. मुलं तिथून हलत नाहीत. जवळचंच बकिंगहॅम फाउंटन मात्र फक्त बघायचं. अटलांटाच्या सेंटेनियल ऑलिम्पिक पार्कमधली १९९६च्या ऑलिम्पिकची ‘रिंग्ज’ कारंजी आणि सिएटल सेंटरमधलं इंटरनॅशनल फाउंटन खेळायची. पण ऑफिसच्या इमारतीपुढचं, मॉलमधलं किंवा चौकातलं शोभेचं कारंजं खेळायचं नाही. तिथलं पाणी अंगावर घेण्याजोगं ठेवलेलं असेलच असं नाही. पाटी नसेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा, आणि ठाम उत्तर मिळालं नाही तर पुढे चला.

प्रश्न: माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. परवापर्यंत त्याला पातळ शी होत होती, आता थांबली आहे. शनिवारी सगळ्या मित्रमंडळींचं स्प्लॅश पॅडला जायचं ठरलंय. ‘लीकप्रूफ’ स्विम डायपर घेतला आहे आणि पाण्यात क्लोरीन असतंच. नेलं तर चालेल ना? (फ्रिस्को, टेक्सस)

उत्तर: नाही. या शनिवारी नेऊ नका.

या उत्तरावर दवाखान्यात पालक नाराज होतात, म्हणून कारण पूर्ण सांगते. क्लोरीन बहुतेक जंतूंना लवकर मारतं, हे खरं. इ. कोलायसारखा जंतू योग्य प्रमाणातल्या क्लोरीनमध्ये मिनिटभरही टिकत नाही. पण क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) नावाचा एक परजीवी आहे. त्याच्याभोवती जाड कवच असतं आणि नियमाप्रमाणे क्लोरीन असलेल्या पाण्यातही तो आठवड्याहून जास्त जगतो. आकार इतका बारीक की साध्या वाळूच्या गाळणीतून आरामात निसटतो. जुलाब होणारं मूल एका वेळच्या शीतून असे एक कोटी ते दहा कोटी परजीवी बाहेर टाकू शकतं, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला दहा किंवा त्याहूनही कमी पुरतात. पाण्याचा एक घोट गिळला तरी बास.

आता स्प्लॅश पॅडवर दहा मिनिटं नीट बघा. लहान मुलं फवाऱ्यावर चक्क बसतात. पाण्याचा झोत खालून थेट डायपरवर येतो, आत जे असेल ते धुऊन घेऊन जाळीतून टाकीत जातो. पाणी फिरवून वापरणारी जागा असेल तर तेच पाणी थोड्या वेळाने खांबावरून दुसऱ्याच मुलाच्या उघड्या तोंडात पडतं. त्यात हवेत उडणारे तुषार आणि ऊन यांमुळे क्लोरीन पोहण्याच्या तलावापेक्षा लवकर उडून जातं.

अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेने) १९९७ ते २०२२ या काळातला हिशोब मांडला आहे: स्प्लॅश पॅडशी संबंधित ६० साथी, १०,६११ रुग्ण, त्यातले १५२ रुग्णालयात दाखल. या साथींमध्ये मृत्यू एकही नोंदलेला नाही. पण दहातले नऊ रुग्ण क्रिप्टोच्या साथींमधले होते. २००५ साली न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेक स्टेट पार्कच्या फवाऱ्यांमुळे हजारो लोक आजारी पडले, आणि पाण्याच्या टाक्यांमध्येच हा परजीवी सापडला. त्यानंतर त्या राज्याने अशा जागांसाठी वेगळे नियम केले आणि फिरवून वापरायच्या पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया आणली, कारण हे किरण क्रिप्टोला निकामी करतात. सगळ्या राज्यांमध्ये अशी सक्ती नाही. पाणी साचत नाही म्हणून काही ठिकाणी स्प्लॅश पॅड तलावांच्या नियमांतच बसत नाहीत. फोनवर चौथा प्रश्न विचारा म्हणाले, तो यासाठी. नळाचं पाणी एकदाच वापरून सोडणारी जागा असेल तर ती निवडा. फिरवून वापरत असतील तर अतिनील प्रक्रिया आहे का, हे विचारा.

राहिला ‘लीकप्रूफ’ डायपर. तो घट्ट शी थोडा वेळ धरून ठेवतो. पातळ शी आणि परजीवी तो रोखत नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो आणि किंमत कितीही असो. त्या शब्दाच्या भरवशावर पालक आजारी मूल पाण्यात सोडतात, याचा मला खरोखर संताप येतो. डायपर दर तासाला तपासा, आणि तो फवाऱ्यांपासून लांब, स्वच्छतागृहात बदला. नंतर साबणाने हात धुवा. हँड सॅनिटायझरने क्रिप्टो मरत नाही.

जुलाब चालू असताना कोणत्याही मुलाला पाण्यात नेऊ नये. क्रिप्टो झाल्याचं निदान असेल तर जुलाब थांबल्यावरही पूर्ण दोन आठवडे थांबायचं, कारण मूल बरं दिसलं तरी परजीवी बाहेर पडतच असतात. तुमच्या मुलाची तपासणी झालेली नाही, म्हणजे जुलाब कशामुळे होते हे तुम्हाला माहीत नाही. त्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि मित्रमंडळींना अंगणातल्या पाईपखाली खेळायला दुसऱ्या एखाद्या शनिवारी बोलवा.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की स्प्लॅश पॅडच्या पाण्यात मेंदू खाणारा अमीबा असतो. सून ऐकत नाही, नातीला नेतेच. काय करावं? (एक आजी, सध्या मुक्काम डॅलस)

उत्तर: आजी, तुमची काळजी कळते, पण सुनेला अडवू नका. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात असतो आणि नाकात पाणी गेलं तरच धोका. पाणी प्यायल्याने तो होत नाही. अमेरिकेत वर्षाला दहापेक्षाही कमी जणांना हा आजार होतो. मात्र झाला तर बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. तुमच्याच भागात, आर्लिंग्टनला, २०२१ साली स्प्लॅश पॅडवर खेळलेल्या एका लहान मुलाचा यात मृत्यू झाला. क्लोरीनची तपासणी नियमित होत नव्हती, हे शहराने स्वतः मान्य केलं. म्हणजे दोष देखभालीचा होता. क्लोरीनच्या नोंदी ठेवता का, हे विचारायचा सुनेला पूर्ण हक्क आहे. नातीला फवाऱ्यावर तोंड धरू देऊ नका. पाण्यात खेळल्यानंतरच्या एक ते बारा दिवसांत जोरात डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही दिसलं तर त्याच क्षणी इमर्जन्सीत न्या आणि पाण्यात खेळल्याचं आवर्जून सांगा.

प्रश्न: मुलीच्या कानात ग्रॉमेट (पडद्यात बसवायच्या बारीक नळ्या) बसवले आहेत. फवाऱ्यात खेळली तर?

उत्तर: बहुतेक मुलांना चालतं, पण ज्यांनी बसवले त्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारून मगच.

प्रश्न: ‘ड्राय ड्राउनिंग’मुळे, म्हणजे खेळताना नाका-तोंडात गेलेल्या पाण्यामुळे, मूल घरी आल्यावर तीन-चार दिवसांनी झोपेतच दगावू शकतं, असा व्हिडिओ पाहिला. तेव्हापासून झोप लागत नाही.

उत्तर: तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. ही संज्ञा वैद्यकशास्त्र आता मानत नाही. ठसका लागला, थोडा खोकून मूल पुन्हा खेळायला लागलं आणि दिवसभर ठीक राहिलं, तर चार दिवसांनी अचानक काही होत नाही. खरा त्रास पहिल्या काही तासांतच दिसतो: न थांबणारा खोकला, धाप, उलट्या, असाधारण मरगळ. तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, ९११ला फोन करा.

प्रश्न: आपल्या गव्हाळ रंगाच्या मुलांना सनस्क्रीन खरंच लागतं का?

उत्तर: हो. एसपीएफ ३०, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीतच ठेवा. आणि मुलांना उतरवण्याआधी कोरड्या रबरी जमिनीवर स्वतःचा तळहात टेकवून बघा. दुपारी तिथे कोवळे पाय भाजतात.

प्रश्न: माझे वडील ७२ वर्षांचे, बीपीची गोळी चालू आहे. नातवंडांबरोबर दुपारभर बसायची त्यांची फार इच्छा आहे.

उत्तर: मी मुलांची डॉक्टर. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हात शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. गोळी कोणती आहे ते सांगून त्यांच्या डॉक्टरांशी बोला. तोवर सकाळी दहाला जा, साडेअकराला परत या.

प्रश्न: न्यूयॉर्कमध्ये आमच्या गल्लीत मुलं फायर हायड्रंट (अग्निशमनासाठीचा रस्त्यावरचा नळ) उघडून खेळतात. धोकादायक आहे ना?

उत्तर: बेकायदा उघडला तर नक्कीच. मिनिटाला १,००० गॅलनपर्यंत पाणी येतं, लहान मूल त्या धारेने रस्त्यावर फेकलं जाऊ शकतं आणि आग लागली तर बंबाला दाब मिळत नाही. पण तुमच्या शहरात अठरा वर्षांवरची कोणीही व्यक्ती अग्निशमन केंद्रात जाऊन फवाऱ्याची टोपी मोफत बसवून मागू शकते. तिच्यातून मिनिटाला २० ते २५ गॅलनच येतं. ही सोय फार चांगली आहे आणि मराठी कुटुंबं ती जवळजवळ वापरतच नाहीत.

प्रश्न: इथे पुण्याजवळ रिसॉर्टवर ‘रेन डान्स’ असतो. तुमचे नियम त्यालाही लागू का?

उत्तर: पाण्याचे सगळे लागू. एप्रिल-मेमध्ये पाणी टँकरचं असतं का, टाकी कधी धुतली, क्लोरीन कोण तपासतं, हे बुकिंगचे पैसे भरण्याआधी विचारा. मॅनेजरने ‘मॅडम, एकदम प्युअर’ एवढंच सांगितलं तर ते उत्तर नव्हे. टायफॉईड आणि हिपॅटायटिस ए या दोन लसी झाल्या आहेत का, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून दोन आठवडे तरी आधी पाहून घ्या.

प्रश्न: स्प्लॅश पॅडला जाऊन आल्यावर आठवड्याने मुलीला (वय ३) जुलाब सुरू झाले. आज नववा दिवस. मध्ये दोन दिवस बरी होती, पुन्हा सुरू. सासूबाईंनी भारतातून आणलेलं जुलाबाचं अँटिबायोटिक दिलं, फरक नाही. अजून थोडं थांबू का?

उत्तर: थांबू नका. नऊ दिवस आधीच फार झाले. आठवड्याने सुरू होणं, मध्ये थांबून पुन्हा सुरू होणं, ही क्रिप्टोची नेहमीची चाल आहे, पण दुसरी कारणंही असू शकतात आणि ती तपासणीशिवाय कळत नाहीत. बॅगेतलं ते औषध बंद करा. भारतातून आणलेल्या पिशवीतली अँटिबायोटिक्स क्रिप्टोवर चालत नाहीत आणि खऱ्या निदानाला उशीर करतात. क्रिप्टोसाठी नायटाझोक्सानाइड हे औषध एक वर्षावरच्या मुलांना देता येतं. ते द्यायचं की नाही आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. तेही कोणाकडून मागवून घेऊ नका.

त्याच पिशवीतली ओआरएसची पुडी मात्र सोनं आहे. पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात विरघळवा आणि चमच्याचमच्याने देत राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची आहे का, तेवढं बघा. ओआरएस नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्यावरून ते नाव काढायला लावलं.

आजच दवाखान्यात फोन करा. ‘क्रिप्टोची तपासणी हवी’ हे नेमकं सांगा, कारण शीच्या नेहमीच्या तपासणीत तो बऱ्याचदा शोधलाच जात नाही. स्प्लॅश पॅडचं नाव आणि तारीखही सांगा, म्हणजे गरज पडल्यास आरोग्य विभागाला कळवता येईल. सहा-आठ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, शीत रक्त असेल किंवा ती झोपाळलेली वाटत असेल, तर फोन करण्यातही वेळ घालवू नका. सरळ इमर्जन्सीत घेऊन जा.