वाचकांचे प्रश्न: सोर्स आधी की पॅकेजेस?

प्रश्न: फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या 13 वरून सोर्स (मूळ कोड) स्वतः बांधून 14 च्या स्टेबल शाखेवर आलो. बहुतेक सॉफ्टवेअर पॅकेजमधून (तयार बांधलेले) आहे, चार-पाच पोर्ट्समधून (सोर्सवरून) बांधलेली. 'मेक डिलीट-ओल्ड-लिब्स' (जुन्या लायब्ररी पुसणारी कमांड) केल्यापासून त्यांतली दोन चालतच नाहीत. 'लिबएसएसएल.एसओ.111 सापडत नाही' असा संदेश येतो. पीकेजी (पॅकेजेस सांभाळणारी कमांड) अपग्रेड केले, फरक पडला नाही. (एक वाचक, फोंडा)

उत्तर: संदेशातला 111 हा आकडाच सगळे सांगतो. 13 मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनच्या लायब्ररींचा संच) 1.1.1 होते, 14 मध्ये 3.0 आहे आणि लायब्ररीच्या नावाचा शेवट आता 30 असा होतो. तुमची दोन सॉफ्टवेअर 13 वर बांधलेली आहेत आणि ती जुनीच लायब्ररी शोधताहेत, जी तुम्ही पुसून टाकली.

अपग्रेडने ती का बदलली नाहीत? तुमची पोर्ट्सची प्रत बहुधा मुख्य शाखेची असेल, तर पॅकेजेस मुळातच तिमाही (दर तीन महिन्यांनी निघणाऱ्या) शाखेतून येतात. पोर्टमधून बांधलेली आवृत्ती पुढची असली, तर पीकेजी तिला मागे आणत नाही, आहे तशी सोडतो. म्हणून आधी पोर्ट्स त्याच तिमाही शाखेवर आणा. मग 'पीकेजी-स्टॅटिक अपग्रेड -एफ' चालवा. इथे स्टॅटिकच हवा, कारण साधा पीकेजीही त्याच हरवलेल्या लायब्ररीवर अडू शकतो. त्यानंतर वेगळे पर्याय निवडून बांधलेली चार-पाच पोर्ट्स पुन्हा बांधा आणि प्रत्येकावर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्ररी सापडतात का ते दाखवणारी कमांड) चालवून पाहा. 'नॉट फाउंड' अशी एकही ओळ उरता कामा नये.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. गिट पुलने नवा सोर्स उतरवल्यानंतर त्यातली 'अपडेटिंग' फाइल वाचा. ती वाचायचा कंटाळा करू नका, बरेच घोटाळे तिथेच टळतात. बिल्डवर्ल्ड (कर्नेल सोडून बाकी सिस्टम बांधणे), बिल्डकर्नेल (कर्नेल म्हणजे सिस्टमचा गाभा), मग इन्स्टॉलकर्नेल आणि रीबूट. कर्नेल आधी, कारण नवा कर्नेल जुने प्रोग्राम चालवून घेतो. नव्या प्रोग्रामना लागणारे सिस्टम कॉल मात्र जुन्या कर्नेलात नसू शकतात. मग 'ईटीसीअपडेट -पी' (सिस्टमच्या सेटिंग फाइली जुळवणारी कमांड), इन्स्टॉलवर्ल्ड, 'ईटीसीअपडेट -बी', रीबूट आणि डिलीट-ओल्ड. आता पॅकेजेस व पोर्ट्स. डिलीट-ओल्ड-लिब्स अगदी शेवटी.

आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. बिल्ड चालू असताना गेली तर चालती सिस्टम शाबूत राहते, तीच कमांड पुन्हा द्यायची. इन्स्टॉलवर्ल्डमध्ये गेली तर अर्ध्या लायब्ररी नव्या, अर्ध्या जुन्या. म्हणून ते इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा, आणि झेडएफएस ही फाइल सिस्टम असेल तर सुरू करण्याआधी 'बीईसीटीएल क्रिएट' देऊन बूट एन्व्हायर्नमेंट (आताच्या सिस्टमची, परत जाता येईल अशी प्रत) करून ठेवा. बिघडलेच तर लोडरच्या मेनूतून ते निवडून परत येता येते.

प्रश्न: 4 जीबी रॅमवर बिल्डवर्ल्ड मध्येच 'किल्ड' होते. (एक वाचक, पेडणे)

उत्तर: एलएलव्हीएम या कंपायलरचा भाग बांधताना मेमरी संपते. -जे8 ऐवजी -जे2 द्या (एका वेळी आठऐवजी दोनच कामे) आणि स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा. वेळ जास्त लागेल, पण काम तडीस जाईल. तयार फाइली उतरवणाऱ्या फ्रीबीएसडी-अपडेटने सुटका होणार नाही. ते रिलीजसाठी आहे, स्टेबल शाखेसाठी नाही.