जाब खेळाडूला विचारायचा की निवडणाऱ्याला?

भारतीय पुरुष फुटबॉल संघ २०२७ च्या आशियाई करंडकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडल्यापासून या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरत आहेत. त्यांतील चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या तिन्ही प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि आशियाई करंडकाची आशा संपली. महिन्याभराने ढाक्यात बांगलादेशानेही हरवले. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा खंडोबा या स्थानिक तालीम संघांचा खेळाडू चुकला, तर प्रेक्षक त्याला नाव घेऊन जाब विचारतात. राष्ट्रीय संघ हरला की मात्र सगळे खापर प्रशिक्षक आणि महासंघ यांच्या डोक्यावर फुटते. मैदानावर खेळतात ते खेळाडू, मग जबाबदारी त्यांची नाही का? निम्मा संघ बदलून टाकायला नको का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला संताप मला पूर्णपणे मान्य आहे. गटात आपल्यासह सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेश असे चार संघ होते आणि त्यांतून एकच पुढे जाणार होता. शिलाँगमध्ये बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१, सिंगापुरात १-१, फातोर्ड्यात १-२ आणि ढाक्यात ०-१ हे आपले पहिल्या पाच सामन्यांचे निकाल आहेत. पाच सामन्यांत एकही विजय नाही आणि गोल अवघे दोन. २०१९ आणि २०२३ अशा लागोपाठ दोन आशियाई करंडकांत खेळलेल्या संघाची ही कामगिरी आहे आणि ती कोणत्याही सबबीने झाकता येणारी नाही.

परंतु जाब विचारायचा असेल, तर ज्याच्या हातात जे होते त्याचाच त्याला विचारला पाहिजे, अशी माझी ठाम भूमिका आहे. ही विभागणी न करता सगळ्यांवर एकत्र राग काढला, की दोषी आणि निर्दोषी एकाच रांगेत उभे राहतात आणि पुढच्या सामन्यात नेमके काय बदलायचे हे कोणालाच कळत नाही.

सिंगापुरातील सामना घ्या. पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत सिंगापूरच्या इखसान फांदीने गोल केला होता, म्हणजे आपण मागे होतो. उत्तरार्ध सुरू होऊन दोनच मिनिटे झाली असताना संदेश झिंगनला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि उरलेला जवळजवळ अर्धा सामना आपल्याला दहा जणांनिशी खेळावा लागला. रहीम अलीने नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी साधून दिली म्हणून लाज राखली गेली, पण त्या कार्डाची खरी किंमत पाच दिवसांनी फातोर्ड्यात मोजावी लागली, कारण तिथे आपला सर्वांत अनुभवी बचावपटू निलंबित होता. आपल्या लालियानझुआला छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली होती आणि नंतर सिंगापूरच्या सोंग उई-योंगने मध्यंतराच्या तोंडावर व उत्तरार्धात असे दोन गोल केले. एक कार्ड आधीच खात्यावर असताना कुठे हात आवरायचा, हा निर्णय प्रशिक्षक बाकावरून घेऊ शकत नाही. तो त्या क्षणी खेळाडूनेच घ्यायचा असतो, आणि म्हणून त्याचा जाब झिंगननेच दिला पाहिजे.

हाँगकाँगमधील चूक मात्र मी वेगळ्या तराजूत तोलतो. १० जून २०२५ च्या त्या सामन्यात भरपाई वेळ चालू असताना उंच आलेला चेंडू मुठीने दूर करण्यासाठी गोलरक्षक विशाल कैथ पुढे आला, चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याला धडकला आणि पेनल्टी गेली. हाँगकाँगच्या स्टेफन परेराने त्यावर गोल केला आणि हाती आलेला एक गुण निसटला. गोलरक्षकाने अशा चेंडूसाठी पुढे येणे हे त्याचे कामच आहे. अंदाज चुकला, हे त्याचे अपयश आहे, पण तो बेफिकीरपणा नव्हे. अशा चुकीबद्दल त्याला सराव द्यावा, स्पर्धक उभा करावा, पण त्याला संघाबाहेर फेकण्याची मागणी मला न्याय्य वाटत नाही. त्याच सामन्यात पूर्वार्धात आशिक कुरुनियानसमोर चांगली संधी चालून आली होती. ती साधली असती तर त्या पेनल्टीचे महत्त्व बरेच कमी झाले असते, आणि त्या संधीचा हिशेब आशिककडेच मागायला हवा.

आता गोलांच्या दुष्काळाकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि बहुतेक क्लब त्यांतील एक जागा मधल्या आघाडीपटूसाठी राखतात. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचा मनवीर सिंग हे याचे ठळक उदाहरण आहे. क्लबसाठी तो वर्षानुवर्षे उजव्या कडेने धावत राहिला, कारण मध्यभागी जेमी मॅकलारेन किंवा जेसन कमिंग्ज असतो. राष्ट्रीय संघात मात्र त्याच्याकडून पूर्णवेळ स्ट्रायकरचे, म्हणजे मधल्या आघाडीपटूचे, काम अपेक्षित असते. ही दोन कामे जवळची दिसली, तरी मुळात निराळी आहेत. कडेने क्रॉस येणार हे ओळखून बचावपटूच्या पाठीमागच्या खांद्याआड उभे राहायचे, तो चेंडूकडे मान वळवतो त्याच क्षणी त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे झेप घ्यायची आणि पाऊल आधी पडले तर थांबून मागे सरायचे, हे सगळे स्ट्रायकर विचार न करता करतो, कारण आठवड्यामागून आठवडा त्याने तेच केलेले असते. विंगरची, म्हणजे कडेने खेळणाऱ्याची, सवय असते चेंडू पायात घेऊन समोर तोंड करण्याची. त्याला वर्षातून मोजक्या सामन्यांत मध्यभागी उभे केले, तर तो एक पाऊल उशिरा पोहोचतो, आणि आपल्याला वाटते की याच्यात जिद्द नाही.

तरीही याच मनवीरने नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये छांगतेच्या पासवर विजयी गोल केला होता, हे विसरता कामा नये. क्षमता आहे, सातत्य देणारी व्यवस्था नाही. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आघाडीला खेळला होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये आल्यावर त्यालाही अधिककरून कडेनेच खेळावे लागले. आघाडीपटू म्हणून पुढे आलेल्या मुलाला आपण कडेला ढकलतो आणि दहा वर्षांनी आघाडीपटू नाही म्हणून हळहळतो.

निम्मा संघ बदलण्याबद्दल म्हणाल, तर ढाक्याला गेलेल्या प्रशिक्षक खालिद जमील यांच्या संघात सुनील छेत्रीसह काही जुने खेळाडू नव्हते. शेख मोर्सालिनच्या सुरुवातीच्याच गोलने आपण तिथेही हरलो आणि बांगलादेशाने २२ वर्षांनी आपल्यावर विजय मिळवला. शिवाय ज्या झिंगनबद्दल मी वर इतके कठोर लिहिले, त्यानेच ऑगस्टमध्ये ताजिकिस्तानविरुद्ध गोल करून जमील यांच्या पहिल्या सामन्यात विजय मिळवून दिला होता आणि पुढच्या इराणच्या सामन्यात गालाचे हाड मोडून घेतले होते. एका कार्डासाठी अशा खेळाडूला कायमचे बाहेर काढणे म्हणजे जबाबदारी ठरवणे नव्हे.

प्रश्न : छेत्रीने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि नऊ महिन्यांत त्याला परत बोलावले. चाळिशीतला खेळाडू परत आणणे हा तरुणांवर अन्याय नव्हता का? आणि तो स्वतः नाही म्हणू शकला नसता का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : या निर्णयाविषयी मी बराच काळ विचार केला आहे. तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या बाजूने एक मोठा मुद्दा होता आणि तो आकड्यांचा होता. २०२४-२५ च्या लीग हंगामात छेत्रीने १४ गोल केले आणि भारतीय खेळाडूंमध्ये त्याच्या आसपासही कोणी नव्हते. निवड चालू कामगिरीवरच करायची असा नियम मानला, तर त्याचे नाव डावलता येत नव्हते. १९ मार्च २०२५ ला मालदीवविरुद्ध त्याने आपला ९५ वा आंतरराष्ट्रीय गोलही केला. त्या ३-० च्या विजयात पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा होता, याचा मला आजही आनंद वाटतो.

माझा आक्षेप बोलावण्याला नाही, तर बोलावताना जे सांगितले गेले नाही त्याला आहे. त्याला किती सामन्यांसाठी घेतले, पहिल्या अकरांत की शेवटच्या अर्ध्या तासासाठी, आणि त्याच्या सोबतीने कोणत्या तरुणाला तयार करायचे, यांपैकी एकही गोष्ट चाहत्यांसमोर स्पष्टपणे आली नाही. हाँगकाँगमध्ये तो सुरुवातीला बाकावर होता. याचा अर्थ काही सामन्यांतच त्याची भूमिका बदलली होती. मार्केझ यांच्या कारकिर्दीतील आठ सामन्यांत मालदीवचा तो एकच विजय ठरला आणि जुलैमध्ये ते पायउतार झाले. मूळ योजना कोणती होती आणि ती का फसली, याचा हिशेब त्यांच्याबरोबरच निघून गेला.

छेत्रीने नकार द्यायला हवा होता, असे मला मुळीच वाटत नाही. २००५ पासून देशासाठी खेळलेल्या माणसाला प्रशिक्षक म्हणतो की तुझी गरज आहे, आणि तो येतो; यात दोष कसला? त्याची जागा घेणारा त्याच्या शेवटच्या दहा वर्षांत घडला नाही, हे त्याचे अपयश नाही. तरुणांवर अन्याय झाला असेल तर तो त्या मार्च महिन्यात झाला नाही. क्लबांच्या संघयाद्यांत तो कित्येक हंगामांपासून होत आला आहे.

प्रश्न : ऑगस्ट २०२५ मध्ये मोहन बागानने आपले खेळाडू राष्ट्रीय शिबिराला सोडले नाहीत. अशा क्लबावर आणि त्या खेळाडूंवर कारवाई का होऊ नये? देशापेक्षा क्लब मोठा कसा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : खेळाडूंवर कारवाई करण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते क्लबाच्या करारात बांधलेले असतात आणि परवानगीशिवाय शिबिराला जाऊ शकत नाहीत. राहिला क्लब. ज्या स्पर्धेसाठी ते शिबिर होते, ती मध्य आशियाई फुटबॉल संघटनेची स्पर्धा २९ ऑगस्टला सुरू झाली, तर फिफाने राष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेला कालावधी १ सप्टेंबरपासून होता. त्या कालावधीबाहेर खेळाडू सोडण्याचे बंधन क्लबांवर नसते. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी होणाऱ्या खेळाडूंची जबाबदारी महासंघ नीट घेत नाही, ही बागानची तक्रारही दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती.

मनाला मात्र ते लागले, हेही खरे आहे. जमील यांना नुकतीच जबाबदारी मिळाली होती, ऐझॉलसारख्या छोट्या क्लबाला २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून देणारा आणि कारकीर्द मुंबईत घडवलेला हा माणूस, आणि पहिल्याच स्पर्धेत त्यांना अर्धवट संघ मिळाला. त्याच संघाने ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला. त्या वेळी लीग चालवण्याचा करार लटकलेला असल्याने पुढचा हंगाम केव्हा सुरू होणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लीगच्या सामन्यांची लय नसलेले खेळाडू ऑक्टोबरमध्ये सिंगापूरशी खेळले. वेळापत्रक ठरवणे हे महासंघाचे काम आहे, आणि ते न झाल्याचा जाब पायात बूट घालणाऱ्याला विचारता येत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त परदेशात असतो. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले. अशा खेळाडूंना घेतल्याने आपल्या मुलांच्या जागा जाणार नाहीत का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नाही, त्यामुळे असे पाऊल उचलणाऱ्याला जन्माने मिळालेले पारपत्र परत करावे लागते. पर्थमध्ये जन्मलेल्या विल्यम्सने ते केले. त्याची आई मुंबईत जन्मलेली आहे आणि तो बेंगळुरूसाठी आपल्याच लीगमध्ये खेळतो. जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमीने यापूर्वी हेच केले होते, त्यानंतर असे उदाहरण घडले नव्हते. अशा मार्गाने खेळाडूंची रांग लागेल ही भीती म्हणूनच मला वाटत नाही.

त्याला ढाक्याच्या संघासोबत नेले, पण आवश्यक मंजुरी वेळेत न आल्याने तो खेळू शकला नाही. त्याच्या निवडीला माझा पाठिंबा आहे, आणि इतरांना जी कसोटी लावली तीच त्याला लावावी एवढीच माझी अपेक्षा आहे. त्याला कोणत्या जागेसाठी घेतले, त्या जागेवर तो क्लबसाठी नियमित खेळतो का, आणि त्याच जागेचा आपला दुसरा खेळाडू कोण, ही तीन उत्तरे जमील यांनी संघ जाहीर करतानाच द्यावीत. त्यांनी ती दिली, तर विल्यम्स अपयशी ठरल्यावर दोष त्याचा की निवडीचा, हे आपल्याला दुबईत बसूनही ठरवता येईल.