ग्रंथालयातला शेवटचा विंडोज संगणक

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात सगळे संगणक लिनक्स या मुक्त (कोणालाही वापरता, तपासता, बदलता येईल अशा) प्रणालीवर चालतात. गावातल्या शाळांकडेही आम्ही तोच आग्रह धरतो. पण जुने वार्षिक अहवाल पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोड (अक्षरं साठवायची आजची सर्वमान्य पद्धत) नसलेल्या मराठी फाँटमध्ये आहेत. त्यासाठी एक विंडोज संगणक ठेवला आहे. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ असं सभासद ऐकवतात. तो काढून टाकावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आज काढू नका. मात्र तो कशासाठी आणि कधीपर्यंत ठेवलाय, हे कागदावर लिहून त्याच्यावरच चिकटवा.

मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ग्नू या मुक्त प्रणालीचं काम सुरू केलं ते युनिक्स या बंदिस्त (कोड खुला नसलेल्या) प्रणालीवरच, कारण त्याला मुक्त पर्याय घडवायचा होता. तुमचा विंडोज जुन्या फाइल सोडवण्यापुरता असेल तर तोच न्याय तुम्हालाही लागू. नवा अहवाल तिथे टाइप होऊ लागला की मात्र सभासदांचं म्हणणं खरं.

मुदत नसली की काय होतं ते लिनक्सनेच भोगलंय. २००२ पासून लिनक्सच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं, काम बिटकीपर या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या बंदिस्त साधनावर चालत होतं. ते फुकट मिळे, पण ते वापरणाऱ्याने त्याला स्पर्धक साधन बनवायचं नाही, अशी अट होती. २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना मागे घेतला आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना तातडीने गिट हे पर्यायी मुक्त साधन लिहायला बसावं लागलं.

आता फाइलींचं. आधी विंडोजवरच प्रत्येक अहवालाची पीडीएफ काढा. पुढे ताडून पाहायला तीच लागेल. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइल लिबरऑफिस ड्रॉ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. म्हणून नेमक्या त्याच फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर हवा. दुसऱ्या फाँटचा वापरलात तर भलतीच अक्षरं येतील. सगळा मजकूर एकदम टाकू नका, मधले इंग्रजी शब्द बिघडतात. परिच्छेदागणिक घ्या.

हमखास चुकतात त्या दोन गोष्टी : ‘पहिली वेलांटी’ (ऱ्हस्व इकाराची) आणि रफार. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. ‘कार्यकारिणी’ हा एक शब्द नीट उतरला तर पुढचं काम सोपं. मजकूर ओडीटी या खुल्या फाइल-प्रकारात ठेवा. फाँट मुक्ता किंवा लोहित देवनागरी, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत.

आणखी एक. तुमचे लिनक्स संगणकही पूर्ण मुक्त असतील असं धरून चालू नका. वायफायचं फर्मवेअर (उपकरण चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) बहुधा बंदिस्तच असतं; डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात १२व्या आवृत्तीपासून ते इन्स्टॉलरबरोबरच येतं. डेबियनवर ‘चेक-डीएफएसजी-स्टेटस’ हे पॅकेज टाकून चालवलं की बंदिस्त पॅकेजेसची यादी मिळते. ती यादीही सभासदांना दाखवा, लपवू नका.

शाळांना मात्र पेजमेकरची फाइल कधीच पाठवू नका. ती उघडायला त्यांना विंडोज घ्यावं लागलं, तर तुमची अडचण तुम्ही त्यांच्या गळ्यात घातली असं होईल.