जवानांच्या कुटुंबांसाठी समुपदेशन केंद्र उभारतोय, भिंतींना कोणता रंग द्यावा?

देवळाली कॅम्पात केंद्र काढताय आणि विचारताय काय, तर रंग! द्या कुठलाही फिकट. आधी खुर्च्या कुठे मांडणार ते सांगा.

आमचे हे तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरी आल्यावर दाराकडे पाठ करून बसायचेच नाहीत. जेवताना ताट उचलून भिंतीशी जायचे. झोपेचं तर नावच नको. शेवटी मी दिवाण फिरवला. उशी भिंतीला, समोर दार. दार नेमकं दक्षिणेला. झालं! धाकटे दीर बांधकामाची कंत्राटं घेतात, म्हणजे वास्तुशास्त्र त्यांच्या खिशात. "वहिनी, यमाच्या दिशेला पाय करून झोपवता दादाला?" सासूबाईंनीही त्यांचीच री ओढली. मी दिवाण हलू दिला नाही. हळूहळू हे पहाटेपर्यंत झोपायला लागले.

आवाजाचंही तसंच. रेंजवर फायरिंग असलं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, पण त्याला हे दचकत नाहीत. ते ओळखीचं आहे. वाऱ्याने दार आपटलं की मात्र घामाघूम. तेव्हा दारांना क्लोजर बसवा, चौकटीला रबराची पट्टी लावा, खुर्च्यांच्या पायांना बुचं घाला. जनरेटर खिडकीखाली नको. मुलांचा खेळायचा कोपरा आईला बसल्या जागेवरून दिसू द्या, नाहीतर ती अर्धं लक्ष तिकडे ठेवूनच बोलणार.

खिडकीबाहेर झाड हवं. मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिने रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास वाचून दाखवला: पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, वेदनाशामकंही कमी लागली.

आणि कृपा करून भिंतीवर रणगाडे रंगवू नका. ते उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी असतं. आमच्या ह्यांना एका ठिकाणी नेलं होतं, तिथे वेटिंगमध्ये तोफेचं भलंमोठं चित्र. हे बाहेर रिक्षापाशीच उभे राहिले.

अर्थात सगळ्यांना एकच लागू पडेल असं नाही. कुणाला कोपऱ्यात कोंडल्यासारखं होतं. खुर्च्या सुट्या ठेवा, ज्याला जिथे हवं तिथे सरकवू दे. शिवाय ह्यांच्या डॉक्टरांच्या गोळ्याही तेव्हा चालू होत्या, सगळं काही दिवाणाने केलं नाही. दिरांसमोर मात्र मी हे बोलत नाही.

तुमचा कंत्राटदार दक्षिणेच्या दारावरून अडून बसला तर खुशाल माझं हे उत्तर दाखवा.