खरेदीखतातली अट आणि मार्जिनमधली खोली

प्रश्न : कोथरूडला प्लॉटधारकांच्या सोसायटीत आमचा बंगला आहे. बाजूला दहा फूट जागा मोकळी ठेवावी आणि तळमजल्यावर एकच मजला चढवावा, अशा अटी सोसायटीने करून दिलेल्या खरेदीखतात आहेत. वडिलांनी बाजूच्या मार्जिनमध्ये खोली बांधली, गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. दोन्हींचा मिळकतकर नियमित भरतो. आता विक्री ठरत आली, तर घेणाऱ्यांच्या बँकेचे वकील हरकत घेत आहेत. काय करावे? — एक वाचक

उत्तर : कर भरतो म्हणजे बांधकाम अधिकृत, हा समज आधी सोडा. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर आणि वर शास्ती घेते. त्याने परवानगी मिळत नाही.

तुमच्या अडचणी दोन आहेत. महापालिकेने खोली नियमित केली तरी खरेदीखतातली अट उठत नाही, आणि सोसायटीने अट सोडली तरी एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकामाबद्दलची नोटीस येऊ शकते. नुसती सोसायटीची ना-हरकत आणून व्यवहार उरकू पाहणारे इथेच अडकतात.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ४० प्रमाणे लगतच्या जमिनीच्या फायद्यासाठी घातलेले वापराचे बंधन, त्याची माहिती असलेल्या पुढच्या खरेदीदारावरही बजावता येते. दस्त नोंदलेला असल्यावर ‘माहीत नव्हते’ ही सबब चालत नाही. बँकेचे वकील उगाच अडवत नाहीत.

सब-रजिस्ट्रारकडून मूळ दस्ताची प्रमाणित नक्कल काढा आणि बंधन कोणाच्या फायद्यासाठी आहे ते शोधा : फक्त सोसायटीच्या, की लेआउटमधल्या प्रत्येक प्लॉटधारकाच्या? दुसरे असेल तर सोसायटीने सोडले तरी शेजारी दावा लावू शकतो. त्याचीही सही घ्या. दस्त खरेदीखत आहे की भाडेपट्टा, हेही नीट पाहा. जुन्या सोसायट्यांत पट्टे बरेच असतात, आणि अटभंगाने पट्टा संपवण्याचे कलम त्यात असेल तर जोखीम फार मोठी. अट शिथिल करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि त्यावरून नोंदणीकृत दस्त करा. सेक्रेटरींच्या लेटरहेडवरचे पत्र पुरत नाही.

मग आर्किटेक्टकडून मंजूर नकाशा आणि भोगवटापत्राशी जागा ताडून घ्या. शिल्लक एफएसआयमध्ये (प्लॉटवर परवानगी असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्रात) बसणारे बांधकाम एमआरटीपीच्या कलम ४४ खाली अर्ज करून, शुल्क भरून नियमित होण्याची शक्यता असते. मार्जिन खाणाऱ्या खोलीचे ते सहसा होत नाही. आमच्या मते ती पाडणेच स्वस्त. तिचा स्लॅब मूळ कॉलम-बीमला जोडलेला असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घण घालून तोडला तर हादऱ्याने मूळ भिंतीला तडे जातात. जोडाशी कटरने कापून सुटा करावा लागतो. उघड्या पडलेल्या सळ्या झाकून प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ओल येईल. शेड नटबोल्टची असेल तर उतरवणे सोपे.

काही ठेवूनच विकायचे असेल तर साठेखतात ते बांधकाम मापांसह लिहा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे खरेदीदाराला सहज न कळणारा मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. बँकेचा व्हॅल्युअर बहुधा मंजूर क्षेत्रच धरतो, म्हणून कर्ज कमी बसेल. भाव आधीच त्या हिशेबाने बोला. खरेदीदार इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास भरून देण्याची लेखी हमी, मागेल. तो देताना रकमेची कमाल मर्यादा आणि मुदत घाला, नाहीतर घर विकूनही पुढची कित्येक वर्षे त्या खोलीची जबाबदारी तुमच्यावरच राहील.