वाचकांचे प्रश्न : स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी बोलतच नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी टोरांटोत वाढले, पासपोर्ट कॅनडाचा. ऑगस्टच्या शेवटी एपिक या सरकारी कार्यक्रमातून कोरियात आले, गांगवॉन प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवतेय. मुलं फार गोड आहेत, पण स्टाफरूममध्ये सगळे गप्प असतात, को-टीचर (वर्गात माझ्याबरोबर शिकवणाऱ्या कोरियन शिक्षिका) कामापुरतं बोलतात आणि लगेच कॉम्प्युटरमध्ये डोकं घालतात. परवा तासाला गेले तर वर्ग रिकामा, सगळी मुलं हॉलमध्ये कार्यक्रमाला गेलेली आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. त्यात मी शाकाहारी, जेवणाच्या ट्रेमध्ये बरेचदा नुसता भातच उरतो. यांना मी नकोच आहे असं वाटायला लागलंय. करार पूर्ण करू की परत जाऊ?
– मृ., गांगवॉन

उत्तर : मृ., परत जायचं आत्ताच ठरवू नकोस गं. तू लिहिलंयस त्यातलं बरंचसं तुझ्यामुळे होतच नाहीये. तिथलं शाळेचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, सरकारी शिक्षकांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात आणि नवीन माणसं तेव्हाच येतात, त्यामुळे ओळखीपाळखी, कामाची वाटणी सगळं मार्चमध्येच होऊन जातं. तू दुसऱ्या सेमिस्टरला आलीस, म्हणजे बसलेल्या घडीत एकटीच नवीन.

रिकाम्या वर्गाचं आधी बघू, कारण ते लगेच सुटण्यासारखं आहे. कोरियन शाळांमध्ये बहुतेक सूचना शिक्षकांच्या कॉम्प्युटरवरच्या मेसेंजरवर जातात, स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटी खिडकी उघडते, चौथीचा तास बदलला, सहावी आज सहलीला, असं सगळं तिथेच कोरियनमध्ये, आणि बाकीच्यांना ते दिसलेलं असतं म्हणून तुला वेगळं सांगायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तुझ्या कॉम्प्युटरवर तो मेसेंजर आहे का आणि यादीत तुझं नाव आहे का ते आजच विचार. मेसेज आला की कॉपी करून पापागो या भाषांतराच्या ॲपमध्ये टाक, कामापुरतं नक्की कळतं. शिवाय वर्गशिक्षक पुढच्या आठवड्याचा तक्ता पालकांना पाठवतात, तो शुक्रवारी मागून घेत जा.

आता को-टीचर. मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. विचार कर, तिला स्वतःचे तास आहेत, ढीगभर कागदपत्रं आहेत, त्यावर तुझं घर, बँक, फोन, दवाखाना हेही बरेचदा तिच्याच गळ्यात पडतं आणि त्यासाठी तिला कुणी विचारलेलंही नसतं. आणि उत्तम इंग्रजी वाचणाऱ्या कितीतरी कोरियन शिक्षकांना सहकाऱ्यांसमोर इंग्रजी बोलायचं भयंकर दडपण येतं, चूक झाली तर सगळे ऐकतायत ना! म्हणून दर थोड्या वेळाने तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहू नकोस, दिवसभराचे प्रश्न साठव आणि सोप्या वाक्यांत एकदाच लिहून पाठव, म्हणजे ती सवडीने वाचून उत्तर देईल. धड्याचा प्लॅन दोन-तीन दिवस आधी दे आणि ४० मिनिटांतला कुठला भाग तिला घ्यायला आवडेल ते विचार. वर्गात तुम्ही दोघी मिळून शिकवायला लागलात की बाहेरचं बोलणं आपोआप वाढतं, हे मी अनेकींच्या बाबतीत बघितलंय.

सकाळी आत शिरताना थोडं वाकून सगळ्यांना ‘आन्न्यॉंग हासेयो’ म्हण, आणि ग्योगाम म्हणजे उपमुख्याध्यापकांना तर आवर्जून, कारण स्टाफरूम तेच चालवतात. कुणी टेबलावर तांदळाचा केक ठेवला तर पिशवीत टाकू नकोस, तिथेच खा, छान आहे म्हण. थंडीत संत्र्यांची एक पेटी आणून सगळ्यांना वाट. पालकांकडून मात्र भेटवस्तू घ्यायची नाही हं, २०१६ पासून त्याविरुद्ध कडक कायदा आहे. आणि स्टाफचं एकत्र जेवण असलं तर पहिल्यांदा तरी जाच. दारू प्यायलीच पाहिजे असं काही नाही, फक्त मोठ्यांनी काही ओतलं तर ग्लास दोन्ही हातांनी धर, मग त्यांच्या ग्लासात तू ओत.

जेवणाचं खरंच अवघड आहे. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली मासळी असते, सूपचा रस्सा सुक्या मासळीचा असतो. पण महिन्याचा मेनू छापून येतो ना, त्यात पदार्थांपुढे ॲलर्जीचे आकडे असतात : १० म्हणजे डुकराचं मांस, १५ चिकन, १६ बीफ, ९ कोळंबी. एवढे पाठ कर. सुकी मासळी मात्र त्या यादीत नाही, म्हणून सूप आणि किमचीबद्दल शाळेच्या आहारतज्ज्ञ बाईंना कोरियनमध्ये चिठ्ठी लिहून विचार, कुठल्या दिवशी काय चालेल ते त्या सांगतील. घरून एखादी भाजी ने, पण बस सगळ्यांबरोबरच. एकटी टेबलावर डबा उघडून बसायला लागलीस तर दिवसातली बोलायची सगळ्यात सोपी वेळ हातची जाईल.

बाकी, ९० दिवसांच्या आत रेसिडेन्स कार्डसाठी नोंदणी व्हायलाच हवी, झाली नसेल तर हायकोरिया या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर लगेच अपॉइंटमेंट घे. आणि कुणी कितीही प्रेमाने विचारलं तरी खाजगी शिकवणी घेऊ नकोस, ई-२ म्हणजे परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसावर ते बेकायदेशीर आहे, थेट व्हिसावर येतं.

मार्चपर्यंत थांब. तेव्हा नवे शिक्षक येतील आणि शाळेत कुठे काय असतं ते तू त्यांना सांगशील. त्यानंतरही असंच वाटलं तर मला परत लिही, मग करार मोडायचं बोलू.

प्रश्न : मॅडम, माझा पासपोर्ट भारतीय आहे. एम.ए. इंग्रजी, बी.एड. झालंय. मला कोरियात इंग्रजी शिकवता येईल का?
– एक शिक्षक

उत्तर : एपिक ज्या सात देशांतून शिक्षक घेतं (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका) त्यात भारत नाही. पण भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यात पदवी व इंग्रजी शिकवण्याचं अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून ई-२ व्हिसाची वाट ठेवलेली आहे. म्हणजे तुमचं बी.एड. इथे कामाचं. आधी तुम्हाला नेमायला तयार असलेली शाळा मिळवावी लागेल, आणि खरं सांगते, अवघड काम तेच आहे. पदवीचं अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) आणि पोलीस क्लिअरन्स लागेल. एखादा एजंट शाळेचं नाव न सांगता पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.